मानपत्रातली चौथी ओळ

तिसरं बटण. वरून तिसरं — नेहमी तेच सैल होतं, कारण कोर्टात उभं राहिलं की फाइल छातीशी धरायची सवय, आणि फाइलचा कोपरा नेमका त्याच बटणावर घासत राहतो, एकतीस वर्षं घासतोय. कोट बदलले, बटणं बदलली, सवय काही गेली नाही... सुईत काळा दोरा ओवताना वहिदाच्या लक्षात आलं की आपण दात आवळून बसलो आहोत. बटणावर चिडण्यात काही अर्थ नव्हता. पण रविवारची सकाळ, साडेसात वाजलेले, आणि सत्तावन्न वर्षांच्या बाईनं काळा कोट मांडीवर घेऊन बसायचं ते कशासाठी, तर बालाजीरावांनी बजावलं होतं — मॅडम, कोट आणि गळ्याला बँड घालूनच या हं, फोटोत वकील दिसायला पाहिजे. म्हणजे एकतीस वर्षांत जे केलं त्यातून वकील दिसला नाही, तो आता कोटातून दिसणार.

ॲडव्होकेट बालाजीराव हे नांदेडच्या लोकन्याय प्रतिष्ठानचे अध्यक्ष. दरवर्षी ते मराठवाड्यातल्या पाच वकिलांचा नागरी हक्कांच्या आणि समाजसेवेच्या कामाबद्दल सन्मान करतात — शाल, नारळ, काचेच्या चौकटीतलं मानपत्र — आणि यंदा त्या पाचांत लातूरच्या ॲड. वहिदा तांबोळी होत्या. पंधरा दिवसांपूर्वी फोन आला तेव्हा तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं होतं. मग एकेक मागणी सुरू झाली. परिचय तुम्हीच लिहून पाठवा. 'मी' नको, 'त्यांनी' असं लिहा, वाचायला बरं पडतं. त्यांनी गोरगरिबांसाठी आयुष्य वेचलं... कुणी वेचलं? मी वकिली केली. ज्यांच्याकडून फी घेता आली त्यांच्याकडून घेतली, ज्यांच्याकडून नाही आली त्यांचीही कामं केली, यात वेचण्यासारखं काय होतं? आणि वर आणखी — दोन लाभार्थी घेऊन या मॅडम, तुमच्यामुळं ज्यांचं भलं झालं असे, चार शब्द बोलतील स्टेजवर. लाभार्थी! रेशनच्या यादीत असतात तसे. आपल्या हक्काचं मागायला कोर्टाची पायरी चढलेली बाई लाभार्थी कधीपासून झाली? तिनं साफ नाही म्हणून सांगितलं होतं. एकही माणूस आणणार नाही, मी एकटी येईन, फार तर माझे मुन्शी येतील.

गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला, तेवढ्यात मोबाइल वाजला. बालाजीरावांनी मानपत्राचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं — एकदा नजर घाला, नावात चूक नको.

नावात चूक नव्हती. पहिल्या ओळीत 'मुस्लिम समाजातील असूनही' होतं, आणि तिथंच तिच्या अंगाचा तिळपापड झाला. असूनही म्हणजे? दुसऱ्या ओळीत गंजगोलाईतली वडिलांची पानपट्टी, तिथल्या दिव्याखाली केलेला अभ्यास — ती कधीही पानपट्टीवर बसून शिकली नव्हती, अब्बांनी तिला दुकानाच्या आसपास फिरकूही दिलं नव्हतं, पण असू दे, यांना दिवा लागतोच. तिसऱ्या ओळीत लोकअदालतीत सामोपचाराने मिटवलेली दोनशे चौदा प्रकरणं. आणि चौथी — 'हिंगणटाकळी येथील बौद्ध वस्तीचा अकरा वर्षे बंद असलेला रस्ता त्यांनी आपल्या मध्यस्थीने खुला करून दिला.'

ती ओळ तिनं पुन्हा वाचली. मग फोन लावला.

"बालाजीराव, चौथी ओळ काढा."

"कोणती? रस्त्याची? अहो मॅडम, तीच तर मेन आहे."

"काढा म्हणते ना मी."

"फ्रेम झाली ओ. काच बसली. आणि हे आम्ही हवेत नाही लिहिलं, कमिटीनं सगळी कागदपत्रं काढली. लोकअदालतीच्या निवाड्याची नक्कल आहे माझ्याकडं. त्यावर बाईचा अंगठा आहे, तुमची सही आहे. इतकं चोख काम कुणाचं असतं, सांगा बरं?"

चोख. तो शब्द तिच्या कानात बसला. आता एवढंच म्हणायचं होतं की बालाजीराव, तिथं रस्ता नाही. चार शब्द. कोर्टात चार-चार तास बोलणाऱ्या बाईला चार शब्द जड नव्हते. ती म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवल्यावर आपण बरं का म्हणालो याचा राग तिला बालाजीरावांवर आला.

नजीरभाई स्टँडवर तिच्या आधी येऊन उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, अत्तर, खांद्याला कापडी पिशवी. तीस वर्षं तिचे मुन्शी — अर्ज लिहिणं, तारखा सांभाळणं, पक्षकारांना चहा पाजणं, सगळं तेच. सत्कार जणू त्यांचाच होता. पिशवीतून निघालेल्या फाइलचा जाड कोपरा बघून तिनं मान हलवली. सकाळी फोन करून हिंगणटाकळीची फाइल आणायला तिनंच सांगितलं होतं.

"सत्काराला फाइल कशाला, मॅडम?" नजीरभाईंनी विचारलं.

"असू द्या."

नांदेडची गाडी लागली, दोघांना पुढची जागा मिळाली. लातूर सुटताना डाळमिलच्या भिंती, मग क्लासेसच्या पाट्या — पाटीपाटीवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो, मार्कांसकट — आणि तिला वाटलं, आपलाही एक फ्लेक्स आज नांदेडमध्ये लागला असणार, खाली दोनशे चौदा असा आकडा टाकून. फाइल मांडीवर होती. तिनं उघडली नाही. उघडायची गरज नव्हती.

चौदा वर्षं झाली. धोंडाबाई पहिल्यांदा आली तेव्हा खुर्चीत बसली नव्हती, दाराशी जमिनीवर बसली होती, आणि वहिदानं दोनदा सांगितल्यावर खुर्चीच्या अगदी काठावर टेकली. हिंगणटाकळी म्हणजे जिल्ह्याचं टोक, पुढं कर्नाटक. वस्तीतून फाट्यावर यायला एकच वाट होती, किशनरावाच्या शेताच्या कडेनं, बैलगाडी जाईल एवढी, आज्यापणज्यापासूनची. किशनरावानं पलीकडचं रान विकत घेतलं, दोन्ही रानं एक करायची होती, म्हणून एका सकाळी मशीन लावून वाटेत चर खोदला आणि वर काट्या रचल्या. पावसाळा होता. धोंडाबाईच्या सुनेला, महामायाला, कळा सुरू झाल्या. ॲम्ब्युलन्स फाट्यावर उभी. चौघांनी बाज खांद्यावर घेतली आणि सोयाबीनच्या चिखलातून निघाले... "लेकरू शिवारातच ग्येलं वो, वकीलीनबाई," धोंडाबाई म्हणाली होती, आणि ती हे अशा आवाजात म्हणाली की जसं कुणी सांगावं, गाडी चुकली.

तेव्हा राग आला होता! खरा राग, तळपायाची आग मस्तकात जाणारा, आणि तो कामाचा होता. त्या रागानं भूमिअभिलेखच्या कचेरीत अठरा खेपा घातल्या आणि जुन्या नकाशावरची तुटक रेघ शोधून काढली. त्या रागानं किशनरावाला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, तुमच्या वडिलांची अंत्ययात्रा कुठल्या वाटेनं गेली? आणि तो गडबडून म्हणाला, ह्याच वाटेनं. वहिवाटीचा दावा सहा वर्षं चालला, पण जिंकला. बारा फूट रस्ता खुला करा, असा हुकूम झाला. बेलीफ गेला, चर बुजला, फोटो निघाले, वस्तीतल्या बायांनी पेढे आणले. आणि पंधरा दिवसांत चर पुन्हा जागच्या जागी. मग हुकूम अंमलात आणा म्हणून नवा अर्ज. त्याच्या तारखा. किशनराव आजारी, किशनरावाचे वकील गैरहजर, कोर्टाला वेळ नाही, मोजणीदार आला नाही...

गाडी अहमदपूरला थांबली. नजीरभाईंनी खाली उतरून दोन चहा आणले. तिनं घेतला, आणि कागदी कप हातात धरून ती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. उजव्या हाताच्या बोटांच्या कडांना जांभळी झाक. ती शाई. कधी जातच नाही.

त्याच तारखांच्या काळात एकदा धोंडाबाई कोर्टात आली होती — वस्तीतून चालत फाटा, फाट्यावरून जीप, जीपमधून उतरून एसटी — आणि आल्यावर कळलं, तारीख पुढं गेली. रोज बुडाला, पोटात सकाळपासून काही नाही. वहिदाला वाईट वाटलं. तीच म्हणाली, धोंडाबाई, तुम्ही दर खेपेला येऊ नका. कोऱ्या कागदांवर अंगठे देऊन ठेवा, लागेल तसं आम्ही वर लिहून घेऊ. सगळेच वकील करतात. तालुक्याच्या कोर्टात एकाही वकिलाचं कपाट असं नसेल ज्यात खालच्या उजव्या कोपऱ्यात अंगठा आणि वर पांढरं रान असलेले कागद नाहीत. नजीरभाईंनी शाईचा पॅड पुढं केला, पाच कागद झाले. त्या दिवशी सोबत आलेल्या वस्तीतल्या बायांचेही झाले, सगळ्याच अर्जदार होत्या. अंगठा पदराला पुसत धोंडाबाई म्हणाली होती, "तुमचे लई उपकार झाले बाई, खेप वाचली."

उपकार! मी दयाळू होते. हे नाही लिहिलं बालाजीरावांनी. लिहायला हवं होतं.

आणि तो डिसेंबरातला शनिवार... राष्ट्रीय लोकअदालत. कोर्टाच्या आवारात मांडव, फुगे सुद्धा कुणीतरी लावले होते. जितकी प्रकरणं मिटतील तितका तालुक्याचा आकडा चांगला, म्हणून सकाळपासून सगळे एकमेकांच्या पाठीमागे. तिच्या हातात एकोणीस फायली. किशनरावाचे वकील आले, म्हणाले, बारा फूट सोडा, नाल्याच्या कडेनं आठ फूट देतो, आजच्या आज संपवू. मागं किशनराव उभा, म्हातारा झालेला, हात जोडून — बाई, मिटवा आता, आमच्यानं बी हुईना. नकाशात नाल्याच्या कडेची पट्टी चांगली दिसत होती. सरळ, फाट्याला भिडणारी. अकरा वर्षं झाली होती. आठ फूट तर आठ फूट, पदरात काहीतरी... आणि एकोणिसातलं एक कमी होईल, हेही होतं, तेही होतंच. तिनं धोंडाबाईला फोन लावला. बंद. एकदाच लावला. मग नजीरभाईंना म्हणाली, कागद काढा. ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, मॅडम, बाईला एकदा विचारून... मी विचारते नंतर, ती म्हणाली. अंगठ्याच्या वर मजकूर टाइप झाला — पर्यायी वाट मान्य, पूर्ण समाधान झाले, यापुढे काही तक्रार नाही. पॅनेलसमोर कुणीतरी विचारलं, अर्जदार कुठं आहेत?

बाहेर आहेत, असं वहिदा तांबोळी म्हणाली.

तीस किलोमीटरवर म्हणजेही बाहेरच म्हणायचं. मार्चमध्ये एका दुसऱ्या कामाला त्या बाजूला गेली तेव्हा तिनं ती पट्टी पाहिली. नाल्याची कड नव्हती ती, नालाच होता. उन्हाळ्यात बाभळीतून वाकून जाता येतं. पावसाळ्यात कमरेएवढं पाणी. आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. फक्त हायकोर्टाच्या खंडपीठात जायचं, आणि तिथं सांगायचं की आमची फसवणूक झाली. कुणी केली? आमच्या वकीलबाईंनी केली. तो अर्ज कुणी लिहायचा? आणि लिहिल्यावर सनद राहील की जाईल? हे सगळं तिला मार्चमध्येच कळलं होतं. जुलैत धोंडाबाई आली. वकीलीनबाई, तारीख कवा हाय वो, नाल्याला पानी हाय, नातीची शाळा बुडून राहिली. दिवाळीनंतर, वहिदा म्हणाली. पुढच्या वर्षी म्हणाली, सुट्टीनंतर. धोंडाबाईनं मान डोलावली होती. कोर्टाला वेळ लागतो हे तिला वहिदानंच शिकवलं होतं.

दोन वर्षं नऊ महिने.

"नजीरभाई," ती एकदम म्हणाली, गाडीच्या आवाजावर आवाज चढवून, "तुम्ही त्या दिवशी मला अडवलं का नाही?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते समोर पाहत राहिले, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात. दोघं एकमेकांशी मराठीत बोलत, कोर्टाची सवय. मनाला लागलं की मात्र घरची बोली यायची. "मॅडम, कागज तो अपनेच थे ना," ते हळू म्हणाले. "गलती हुई. पर नियत साफ थी तुमारी."

"नियत साफ असली की रस्ता होतो?"

ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. आणि मग तिला सगळ्यांचाच राग आला, एकामागोमाग एक — त्या हात जोडणाऱ्या किशनरावाचा, ज्यानं नकाशावर बोट ठेवताना नाल्याचं नावही काढलं नाही, त्याच्या वकिलाचा, ज्यांनी बाहेर म्हणजे कुठं हे उठून बघितलं नाही त्या पॅनेलवाल्यांचा, आकड्यांचा, फुग्यांचा, बालाजीरावांच्या कमिटीचा, जिनं लातूरहून नक्कल मागवली पण हिंगणटाकळीला माणूस पाठवला नाही, नजीरभाईंचा, ज्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि धोंडाबाईचा सुद्धा. हो, तिचाही. का नाही भांडत ही बाई? का नाही येऊन टेबलावर हात आपटत, म्हणत की दोन वर्षं झाली, कुठली तारीख, दाखवा मला कागद? इतका विश्वास ठेवायला कुणी सांगितलं होतं? गाडी लोह्याच्या स्टँडवर येईपर्यंत ती अशी सगळ्यांना उभं करून झापत होती, आणि मनात कुठंतरी तिला बरंही वाटत होतं, कारण राग आला की ती स्वतःला ओळखीची वाटते.

नांदेडला उतरून रिक्षानं सभागृहावर पोचले तेव्हा साडेतीन झाले होते. दारात फ्लेक्स होता, पाच चेहरे, तिचा चौथा. बालाजीराव फेटा बांधून उभे. "या, या, मॅडम! तुमच्यासाठी सरप्राइज आहे. तुम्ही नाही म्हणालात, पण आम्ही सोडतो होय! गाडी पाठवली सकाळी गावाला."

पहिल्या रांगेत लाल सोफे. तिसऱ्या सोफ्यावर, काठावर, धोंडाबाई बसली होती. छातीवर गुलाबी फीत, फितीवर छापलेलं — लाभार्थी. हिरवं लुगडं, नवंच असावं, घडीच्या खुणा दिसत होत्या. पाय धुतले होते तरी टाचांच्या भेगांत काळा चिखल सुकलेला.

वहिदा तिच्याजवळ जाऊन बसली. नजीरभाई मागं भिंतीशी उभे राहिले.

"आलात बाई," धोंडाबाईचा चेहरा खुलला. "म्या म्हनलं, वकीलीनबाईचा सत्कार हाय, मंग तर जायाच पायजे. गाडी पाठविली व्हती ह्यांनी. फाट्यावर हुबी ऱ्हायली, डायवर म्हनला पुढं रस्ताच न्हाई. मंग मी आले चालत."

पुढं रस्ताच नाही. ड्रायव्हरला दिसलं होतं. त्यानं इथं येऊन कुणाला तरी सांगितलंही असेल, आणि ज्याला सांगितलं त्यानं मान डोलावून फीत आणली असेल.

"ते मला म्हनले, चार शब्द बोला," धोंडाबाई जवळ सरकली. "मी काय बोलू? म्या म्हनते, आमची तारीख तेवढी लौकर काडा म्हनावं का? इथं मोठी-मोठी मानसं हायत."

आता. स्टेजवर माइकची टकटक चालू होती, एक-दोन-तीन. वहिदानं मांडीवरची फाइल उघडली, निवाडा काढला, आणि ज्या आवाजात ती नेहमी पक्षकारांशी बोलते तो आवाज शोधला. तो सापडला नाही.

"धोंडाबाई, तारीख नाही. केस संपली. दोन वर्षं झाली."

"जितलो?"

"नाही. मिटवली. किशनरावानं नाल्याकडची वाट द्यायची आणि आपण बारा फूट सोडायचे, असं झालं."

धोंडाबाईनं फाइलकडे पाहिलं. मग म्हणाली, "आसं कोन म्हनलं?"

"कागदावर तुम्ही म्हटलंय."

"मी? मी कवा म्हनले?"

वहिदानं कागद तिच्यापुढं धरला. बोटानं दाखवायची गरज पडली नाही. धोंडाबाईला अक्षर येत नव्हतं, पण तिला आपला अंगठा ओळखू आला. त्यात आडवी एक पांढरी रेघ होती, कधीतरी विळ्यानं कापलेल्या जागेची.

"ह्यो तर तुमी खेप वाचावी म्हनून घेतलेला."

"हो."

"आन मी तारीख इचारली तवा?"

"तेव्हा मी खोटं बोलले."

खरं म्हणजे इथं काहीतरी व्हायला हवं होतं, वहिदा त्याची वाटच बघत होती — आरडाओरडा, शिवी, गालात एक चपराक सुद्धा चालली असती, आणि मग तिनं ते सोसलं असतं, मान खाली घालून... धोंडाबाईनं फक्त मागं भिंतीशी उभ्या नजीरभाईंकडे एकदा पाहिलं, त्यांनी नजर खाली घातली, आणि तिला बहुतेक समजलं की हे खरं आहे.

"बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आजून किती ऱ्हायलेत?"

"काय?"

"माज्या आंगठ्याचे कागद. तुमच्यापाशी."

पाच घेतले होते. एक वकीलपत्राला, एक तारखेच्या अर्जाला, एक हा. "दोन."

"आन बाकीच्या बायांचे? सगळ्यांचेच घेतले व्हते की तुमी त्या दिशी." धोंडाबाई थांबली. "आन दुसऱ्या गावच्या?"

निवेदकानं माइक हातात घेतला. स्वागत झालं, दीपप्रज्वलन झालं, पाहुणे बोलले. तो सगळा वेळ दोघी शेजारी-शेजारी बसून होत्या आणि वहिदा काहीही ऐकत नव्हती. मग तिचं नाव आलं. ती उठली, पायऱ्या चढली. बालाजीराव मोठ्यानं मानपत्र वाचू लागले. पहिल्या ओळीला ती चिडली नाही. दुसऱ्या ओळीला, दिव्याला, चिडली नाही. तिनं मुद्दाम शोधून पाहिलं — सकाळपासून दात आवळायला लावणारा, लोह्यापर्यंत साऱ्या जगाला झापणारा तो राग, इतकी वर्षं जो हाताशी होता, ज्याच्या जोरावर ती कुठंही उभी राहायची — आणि तो नव्हता. शाल पाठीवर आली. चौथी ओळ वाचून झाली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मग बालाजीरावांनी हसत माइक पुढं केला, "मॅडम, दोन शब्द."

माइक मी घेतला. हातात घेतल्यावर तो अपेक्षेपेक्षा जड निघाला. समोर दिवे होते, तरी पहिली रांग स्पष्ट दिसत होती. लातूरच्या माझ्या चेंबरमध्ये लोखंडी कपाट आहे, चार कप्प्यांचं. वरच्या दोन कप्प्यांत चालू फायली, खालच्या दोनमध्ये जुन्या, आणि जवळजवळ प्रत्येक फाइलच्या शेवटी, वापरायचे राहिलेले... दोनशे चौदा मला तोंडपाठ होते. या कागदांचा आकडा मी कधी मोजलाच नव्हता. हिंगणटाकळीच्या नऊ बाया, निलंग्याकडच्या त्या विधवा, हदगावहून आलेल्या तिघी बहिणी, आणि त्यांच्या आधीच्या, ज्यांची नावंही आता आठवत नाहीत, ज्यांची खेप मी वाचवली. टाळ्या थांबल्या. लोक वाट बघत होते. धोंडाबाईनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, मुठी मिटलेल्या, अंगठे आत धरून, आणि ती उत्तराची वाट बघत माझ्याकडे पाहत होती, आणि मला कुणावरही चिडता येईना.